चाकाची धाव आणि काचेची सुई

तुमच्या गावच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे. त्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, सांगता?

घाईने उत्तर देऊ नका. ‘मुख्याध्यापकांकडे असेल’ हे उत्तर नव्हे, तो अंदाज झाला. हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे आणि बहुतेकांनी मलाच उलट विचारलं, की आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला असल्या कपाटाची गोष्ट ज्यांनी सांगितली, ते पनवेलमध्ये बैलगाडीची चाकं बनवायचे. पेशीच्या आत शिरणारी सुई मी त्यांच्याच जिवावर चालवली. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत, म्हणून एकत्रच सांगते.

पनवेलच्या बाजारात माझ्या वडिलांचा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, लाकडी केसी आणि जुळवलेल्या ओळींचा फर्मा बांधायला एक जाडजूड काळा दगड. एवढा जड, की तो आधी ठेवला आणि मग त्याच्याभोवती भिंती बांधल्या, असं बाबा सांगत. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, भातगिरणीची पावतीपुस्तकं ही रोजची कामं. बेचाळीस साली मात्र दुसरीच कामं आली, आणि ती दार लावून व्हायची. मी तेव्हा दहा वर्षांची होते. अक्षरं शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. मैत्रिणींच्या तोंडी भोंडल्याची गाणी असत, माझ्या तोंडी ‘बंधुभगिनींनो, उठा!’ आमटीत मीठ कमी पडलं तर मी ताटावरून जाहीर निषेध करायची. आई म्हणायची, “निषेध करून झाला असेल तर मीठ वाढून घे आणि जेव.”

छापखान्यात दुसरी एक विद्या फुकट मिळाली. शिशाचे खिळे उलटे असतात. ओळ जुळवायची तर उलटी वाचता आली पाहिजे. दहाव्या वर्षी मी उलटं आणि सुलटं सारख्याच वेगाने वाचत होते. पुढे ते कुठे उपयोगी पडेल, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याचाही निषेध केला असता.

पत्रकांनी मला आणखी एक खोड लावली. कोणी काही म्हटलं, की ‘पुरावा काय?’ असं विचारायची. या प्रश्नाने पाहुणे चिडत, भटजी चिडत, इतिहासाचे मास्तर तर फारच चिडत. पदार्थविज्ञानाचे मास्तर तेवढे खूश होत. म्हणून मी पदार्थविज्ञान घेतलं. माझ्या निवडीमागे याहून मोठं कारण नाही.

एम. एस्सी. झाल्यावर मुंबईतल्या एका संशोधनसंस्थेत उपकरणांच्या खोलीत मला नोकरी लागली. तिथे जीवशास्त्राच्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चालताना पदर कमरेला खोचलेला. त्यांचं सगळं आयुष्य अमीबांवर चाललं होतं. अमीबा म्हणजे एकाच पेशीचा जीव, नुसत्या डोळ्यांना पिठाच्या कणाएवढा. बाई त्यांना ‘मंडळी’ म्हणत. “आज मंडळी जेवली नाहीत,” असं त्या चिंतेने म्हणाल्या, की नवीन माणसाला वाटे, घरी पाहुणे रुसलेत.

बाईंचा प्रश्न साधा होता आणि मला अजूनही तो जगातल्या सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो. पेशीच्या आत एक केंद्रक असतं. एका अमीबाचं केंद्रक काढून दुसऱ्यात घातलं, तर तो पुढे कोणासारखा वागेल? ज्याचं अंग त्याच्यासारखा, की ज्याचं केंद्रक त्याच्यासारखा? हे पाहायचं तर काचेची केसापेक्षा बारीक सुई जिवंत पेशीत घालता आली पाहिजे आणि पेशी मरता कामा नये. माणसाचा हात कितीही स्थिर धरला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली सुईचं टोक अमीबाच्या अंगभर नाचतं. त्यासाठी परदेशात यंत्र मिळे. ते मागवायला परकीय चलन नव्हतं. अर्ज गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी संचालकांनी बाईंना सांगितलं, “दिवाळीपर्यंत एक पेशी सुई टोचून जिवंत ठेवून दाखवा. नाहीतर ही खोली दुसऱ्या विभागाला जाईल.”

बाई शांतपणे ‘बरं’ म्हणाल्या. मला शांतपणा येत नाही. शनिवारी एस. टी. पकडून मी पनवेलला गेले आणि बाबांच्या मशीनवर गुलाबी कागदावर एक पत्रक छापलं. ‘सुईसाठी समुद्रापलीकडे हात का पसरता?’ हे त्याचं मथळ्याचं वाक्य. शेवटी ठळक टायपात होतं, ‘पनवेलचा कारागीर हे यंत्र दिवाळीच्या आत करून देईल!’ सोमवारी ते मी संस्थेच्या कँटीनमध्ये लावलं, जिन्यात लावलं आणि एक संचालकांच्या दारावर लावलं.

बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं. “छान आहे गं. त्या कारागिराला विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. तो कारागीर कोण, हेही मी ठरवलं नव्हतं.

“मग आता विचार,” बाई म्हणाल्या. “संचालकांनी तुझं पत्रक फाडलं नाही. घडी करून फाइलला लावलंय. म्हणजे आता माझी खोली तुझ्या शब्दावर आहे.”

त्या हसत बोलत होत्या. मी मात्र घरी जाऊन यंत्राचं चित्र काढायला बसले.

तेव्हाचं पनवेल चाकांसाठी ओळखलं जायचं. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांना पनवेलचं चाक हवं असे. आमच्या छापखान्यामागच्या आळीत चाकांचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे कौलारू पडवी, अंगण आणि एक भट्टी. तिथले सुतारकाका मूळचे गव्हाणचे. लाकूड आणि लोखंड दोन्हीत हात चालणारे, तोंड तर त्याहून जास्त चालणारे. लहानपणापासून ते मला ‘बाय’ म्हणत. मी कागदावरचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. स्क्रू फिरवला की सुई पुढे सरकते, असं ते यंत्र होतं. तीन स्क्रू, तीन दिशा.

“कोनासाठी हाय ही गाडी?” त्यांनी विचारलं.

“एका जिवासाठी. पिठाच्या कणाएवढा असतो.”

“नि त्याला टोचायचं?”

“हो.”

“त्यानं तुजं काय घोडं मारलंय?”

मी पेशी, केंद्रक, बाईंचा प्रश्न, संचालकांची मुदत, सगळं सांगितलं. काकांनी विडी विझवली. मग मी पत्रकही दाखवलं. त्यांनी ते बाजूच्या माणसाकडून वाचून घेतलं. ‘पनवेलचा कारागीर’ या शब्दांवर त्याला दोनदा थांबवलं.

“म्हंजे मीच का?”

“तुम्हीच.”

“मला न इचारता छापलंस.” ते बाजूच्या माणसाकडे वळले. “आयकलंस? आपला साकरपुडा झाला नि आपल्यालाच म्हाईत नाय.”

पण त्यांनी काम घेतलं. एका जुन्या मोडक्या मशीनची बिडाची चौकट बाबांनी दिली, तो झाला पाया. काकांनी सरकत्या पट्ट्या घासल्या, खोबणी केल्या, स्क्रूचे आटे इतके साफ काढले, की मी पाहत राहिले. दोन आठवड्यांत यंत्र उभं राहिलं. मी स्वतः प्रत्येक पट्टी घट्ट बसवली, चाचणी पुढच्या शनिवारी करू म्हणाले आणि मुंबईला परतले.

पुढच्या शनिवारी येताना सोबत बाईंनी दिलेला एक जुना सूक्ष्मदर्शक होता. एस. टी.त तो मी तान्ह्या मुलासारखा मांडीवर धरला होता. वडाळे तळ्याच्या काठची कुजकी पानं आईच्या लोणच्याच्या बरणीत भरून, त्यात चार दाणे तांदूळ टाकून, मी अमीबा आधीच वाढवून ठेवले होते. “लोणच्याला बरणी नाही आणि तुझ्या किड्यांना आहे,” असं आई शेजारपाजारी सांगत होती, पण बरणी उन्हातून सावलीत तीच हलवायची.

एक गुटगुटीत अमीबा पकडला, काचेवर ठेवला, सुई बसवली, स्क्रू फिरवला. सुई हलली नाही. आणखी फिरवला. हलली नाही. आणखी जरासा फिरवला आणि सुई एकदम उडी मारून अमीबाच्या आरपार गेली. दुसरा घेतला, तेच झालं. पाच अमीबा मारल्यावर मी यंत्र खोललं. मी घट्ट बसवलेली प्रत्येक खोबण कोणीतरी कानशीने केसभर रुंद केली होती आणि तिच्यात गाडीचं काळं वंगण भरलं होतं.

मी तरातरा मागच्या आळीत गेले.

“काका, हे कोणी केलं?”

“मी,” ते अभिमानाने म्हणाले. “तू पार आवळून ठेवलेलंस, बाय. घट्ट आस जलते. गाडीला जरा ढील लागतंच, नाय तर घाटात चाक मोडतं.”

त्यांनी ते मायेने केलं होतं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक चाकाला आसाभोवती थोडी मोकळीक ठेवली होती, कारण रस्त्यावर धक्के असतात. माझ्या यंत्रालाही त्यांनी रस्त्याला लावण्याआधी शेवटचा हात फिरवला होता. हे मला आज कळतं. तेव्हा मी अंगणात उभी राहून त्यांना पत्रक ऐकवलं. निष्काळजीपणा, अज्ञान, देशाचं नुकसान, सगळे शब्द आले. पडवीतली करवत थांबली.

काकांनी हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. “मंग तुज्या कागदालाच सांग चाक करायला,” एवढंच म्हणाले आणि पाठ करून बसले.

घरी बाबा खिळे जुळवत होते. मी झालेलं सांगितलं. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. त्यांनी खिळे जुळवायचं थांबवलं नाही.

“तुझं पत्रक माझ्याच मशीनवर छापलंस. त्यात काय होतं? कारागिराच्या हातावर विश्वास ठेवा.”

“हो, पण—”

“आणि तू त्या हाताला विचारलंस का, की बाबा रे, असं का केलंस?”

“त्यांनी सांगितलं ना. ढील लागते म्हणून.”

“सांगितलं ते तू ओरडल्यावर. विचारलंस का?”

मी ‘पुरावा काय’ विचारणारी मुलगी. ‘का’ विचारायची राहिले होते. बाबांनी ओळ पूर्ण केली आणि वर न बघता म्हणाले, “दिवाळीला तीन आठवडे आहेत. माफी मागायला तेवढे लागत नाहीत.”

रविवारी सकाळी मी पुन्हा मागच्या आळीत गेले. माफीचं वाक्य पाठ केलं होतं. पण तो धाव चढवायचा दिवस होता आणि त्या कामात कोणी माफी ऐकून घेत नाही. अंगणात लाकडी चाक दगडावर आडवं बांधलेलं. बाजूला लोखंडाचा भलामोठा गोल पट्टा, म्हणजे धाव, गोवऱ्यांच्या गोल आगटीत लाल होत असलेला. काकांनी मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. माझ्या हातात पाण्याची बादली दिली. “हितं उबी ऱ्हा. सांगंन तवा वत. आदी वतलंस तर चाक गेलं नि मीबी गेलो.”

तीन माणसांनी चिमट्यांनी धाव उचलली आणि चाकावर टाकली. लाकडाने पेट घेतला. हातोडे पडले, धाव खाली बसली. “वत!” मी ओतलं. वाफेत कोणी कोणाला दिसेना. आणि त्या वाफेतून आवाज आला. चाकाचे आरे, मधला तुंबा, कडेचे तुकडे, सगळे एकमेकांत घुसताना कुरकुरत होते. वाफ विरली तेव्हा मघाशी खिळखिळं असलेलं चाक एकसंध झालं होतं. वाजवलं तर घंटेसारखं वाजत होतं.

हे मी लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. तापवल्यावर लोखंड प्रसरण पावतं, हे कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या केसींत पडून होत्या. त्या दिवशी मी त्या पहिल्यांदा जवळ ठेवल्या, कारण यावेळी मी नीट विचारलं.

“काका, धाव चाकापेक्षा लहान का करता?”

काका अजून रागात होते, पण प्रश्न त्यांना आवडला. “बोटभर कमी करायची. तापली का वाडते, ईजली का आकसते. जेवडी तापवशील तेवडीच वाडनार. कमी नाय, जास्ती नाय.”

“आणि तिला ढील?”

“तिला कशाला ढील? ती काय सरकते का? ती जागच्या जागी लांब व्हते नि जागच्या जागी आकुड व्हते. ढील लागतं सरकनाऱ्याला.”

मी रिकामी बादली घेऊन तशीच उभी राहिले. मग मी बादली टाकली आणि त्यांच्या पायाच पडले.

“ये! येडी झाली का काय?”

“माफी मागतेय. आणि यंत्र झालं आपलं!”

आपल्याला सरकणारं काही नकोच होतं. सतारीची पोलादी तार घ्यायची, एक टोक बिडाच्या चौकटीला पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाला सुई. तार ताणून धरायला घड्याळाची कमान. तारेतून बॅटरीचा थोडा प्रवाह सोडला की ती तापणार आणि केसाच्या जाडीएवढी लांब होणार. सुई तेवढीच पुढे जाणार. प्रवाह कमी केला की तार आकसणार आणि सुई मागे. स्क्रू नाही, खोबण नाही, धक्का नाही, उडी नाही. जेवढी तापवशील तेवढीच वाढणार. तीन दिशांना तीन तारा.

काकांनी चित्र पाहिलं. “ही तर धावच,” ते म्हणाले. “सरळ केलेली.”

मग ते कामाला लागले ते असे, की जणू ‘कागदाला सांग’ म्हणणारे कोणी दुसरेच होते. चौकटीवर तारांचे चाप त्यांनी बसवले, तेही तापवून, आकसवून. म्हणाले, “आता ह्यात ढील सापडलं तर माजं नाव बदल.” बॅटरी लॉरीच्या गॅरेजमधून आली. पहिल्या दिवशी खाडीवरून वारा सुटला की तार थंड व्हायची आणि सुई डुलायची. आईने तीन कंदिलांच्या काचा काढून दिल्या, त्या आम्ही तारांवर बसवल्या. घरात त्या आठवड्यात कंदील नव्हते आणि कोणी तक्रार केली नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी बाई स्वतः पनवेलला आल्या. यंत्राला एस. टी.चे धक्के सोसणार नाहीत आणि मंडळींना प्रवास मानवत नाही, असं त्यांनी संचालकांना कळवलं होतं. संचालकांनी उत्तर दिलं होतं, की बाईंनी डोळ्यांनी पाहून सही केली तर त्यांना पुरे. बाई सही करताना खोटं बोलणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि त्याचीच भीती होती.

यंत्र कुठे ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता. बाबांच्या काळ्या दगडाइतकी स्थिर जागा अख्ख्या पनवेलमध्ये नव्हती. बाबांनी दिवाळीच्या ऐन गर्दीत ट्रेडल बंद केलं, दाराला आतून कडी घातली. बाहेरून एक गिऱ्हाईक ओरडलं, “अहो, माझी पत्रिका!” बाबा आतून म्हणाले, “थांबा, इथे एका जिवाचा प्रश्न आहे.” गिऱ्हाईक घाबरून गप्प झालं.

पहिला अमीबा फुटला. माझी चूक, प्रवाह भरभर वाढवला. दुसरा नुसता दूर सरला. काका भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून अजून पाहिलं नव्हतं. “चाक फिरल्याबिगर मी गाडीत बसत नाय,” असं त्यांचं म्हणणं.

“हळू,” ते मला म्हणाले. “धाव तापवताना घाई केली का ती येका आंगाला वाडते.”

तिसरा अमीबा. सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं. सुई डावीकडून यायची ती उजवीकडून येताना दिसते. भल्याभल्यांचे हात तिथे चुकतात. माझे चुकले नाहीत, कारण माझ्यासाठी तो शिशाचा एक खिळा होता. प्रवाह जरा वाढवला. सुई पुढे आली. आणखी जरा. पेशीच्या कडेला खळी पडली आणि मग ती खळी सुईभोवती मिटली. सुई आत होती! मी श्वास रोखून दुसरी तार तापवली. टोकाने केंद्रकाला स्पर्श केला आणि ते सरकलं, ताटातल्या वाटाण्यासारखं, पेशीच्या एका बाजूकडून दुसरीकडे. मग प्रवाह कमी केला. तार आकसली, सुई बाहेर आली.

“बाई, बघा.”

बाई वाकल्या. अमीबा गोळा होऊन पडला होता. सुई बाहेर आल्यावर तो मेला असेल, तर आम्ही फक्त सुबक रीतीने एक खून केला होता. मी बाईंचा चेहरा पाहत होते, बाबा माझा, आणि काका छताकडे.

“थांबलाय,” बाई म्हणाल्या. “अजून थांबलाय.” मग त्यांचा आवाज बदलला. “अगं! पाय काढला. एक पाय काढला बाहेर! चालला! मंडळी निघाली गं!”

त्या पन्नाशीच्या बाईंनी माझा हात धरला आणि दगडाभोवती फुगडीचा एक फेरा घातला. बाबांनी चष्मा पुसला. बाहेरच्या गिऱ्हाइकाने दार वाजवलं, “सुटका झाली का हो?” आणि आम्ही सगळे हसत सुटलो.

बाईंनी काकांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी एक डोळा मिटला, तो नेमका चुकीचा. मग दुसरा मिटला. मग त्यांचे खांदे हलायचे थांबले.

“चाललंय,” ते पुटपुटले. “चाक नाय, आस नाय, नि चाललंय.” थोड्या वेळाने, “ह्याला कोन चालवतं, बाई?”

“तेच शोधतेय मी,” बाई म्हणाल्या. “तुमच्या सुईने.”

काका उठले. दाराशी जाऊन म्हणाले, “असलं येक माज्या नातीच्या शाळंत हाय.”

“सूक्ष्मदर्शक?” मी विचारलं. “तिने पाहिलंय त्यातून?”

“नाय. तिनं कपाट बगितलंय. बाहेरनं. सर सांगतात, आत हाय म्हनून.”

पत्रकवालीला यापेक्षा जास्त काय लागतं? सोमवारची मुंबईची एस. टी. मी सोडली आणि काकांबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापक सज्जन होते. “तपासणीच्या वेळी काढतो आम्ही. मुलं फोडतील ना.” मी ‘बंधुभगिनींनो’ म्हणायला तोंड उघडलं, पण काकांनी कोपराने ढोसलं. धाव चढवली त्या रविवारचा धडा आठवला आणि मी विचारलं, “सर, शेवटचं कधी काढलं होतं?” त्यांना आठवेना. खणात किल्ली सापडली. ती कुलपात गेली, पण फिरेना. कुलूप आतून गंजलं होतं.

काकांनी कमरेची डबी काढली. बोटाने गाडीचं काळं वंगण कुलपात भरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “हितं चालंल ना, बाय? का देशाचं नुसकान हुईल?”

किल्ली फिरली. सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळलेला, नवाकोरा होता. मी पिशवीतल्या बाटलीतून तळ्याच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला. पहिली पाळी काकांच्या नातीची. तिने पाहिलं आणि ओरडली, “आबा, पान्यात गर्दी हाय!” त्यानंतर दुपारपर्यंत त्या वर्गात कोणी बसलं नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः तीनदा नंबर लावला.

बाईंची खोली राहिली. अहवालावर दोन नावं गेली, माझं आणि काकांचं. कार्यालयाने काकांच्या नावापुढे ‘शिक्षण’ हा रकाना रिकामा का, असं विचारलं, तेव्हा बाईंनी स्वतः लिहून पाठवलं, ‘चाकं’. त्यानंतर मी पेशींसाठी बरीच उपकरणं केली. पेशी उबेत ठेवणारी पेटी केली, त्यांना बोलावणारी आणि पळवणारी बारीक नळी केली. प्रत्येकाचं चित्र आधी मागच्या आळीत जातं. आता मी ओरडत नाही. विचारते.

आणि म्हणून तुमच्याकडे हे मागणं. उद्या शाळा भरायच्या वेळी जा. सूक्ष्मदर्शकाचं कपाट कुठलं ते विचारा आणि किल्ली मागा. ‘मुलं फोडतील’ असं उत्तर आलं तर भांडू नका, शेवटचं कधी काढलं होतं ते विचारा. जवळ तळ्याच्या पाण्याची एक बाटली असू द्या आणि कुलूप गंजलेलं असेल या हिशेबाने वंगणाची एक डबी न्या. कपाट उघडलं की पहिली पाळी तिला द्या, जिने आजवर ते फक्त बाहेरून पाहिलं आहे.